घर वाढवताना : ब्लॉक हलका की जड?



'घर पाहावे बांधून' असे आपल्या वाडवडिलांनी उगाच म्हटलेले नाही. गळीत हंगाम सरतो, उसाची बिले खात्यावर जमा होतात आणि कार्यक्षेत्रातल्या गावागावांत खडी-सिमेंटचे ढीग दिसू लागतात. पायापासून नवे घर बांधणारे थोडे, असलेले घर वाढवणारेच फार. थोरल्याचे लग्न ठरले, खोली पाहिजे. धाकटा वेगळा झाला, चूल पाहिजे. आईला जिना चढवत नाही, तिला न्हाणीघराला लागून खालीच जागा पाहिजे. वर्षभराच्या कष्टाचा पैसा असा भिंतीत जातो. तो नीट जावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

सध्या गावोगावच्या पारावर एक वाद रंगतो. ब्लॉक कोणता घ्यायचा, हलका की जड? एक जण म्हणतो, "अहो, तो पांढरा सिपोरेक्स म्हणजे नुसता भुसा. नखाने उकरला तर निघतो. घर बांधायचे का खेळणे?" दुसरा म्हणतो, "जग कुठे चाललंय बघा. शहरातल्या वीस-वीस मजली इमारती याच ब्लॉकात उभ्या आहेत, आणि तुम्ही अजून दगडच उचलताय." तिसरा, म्हणजे दुकानदार, ज्याचा साठा जास्त त्याची तरफदारी करतो. आणि गवंडी ज्यात त्याचा हात बसला आहे तेच चांगले म्हणतो. घरमालक बिचारा चौघांचे ऐकून शेवटी दर नगाचा भाव विचारतो आणि स्वस्त तो घेऊन मोकळा होतो.

आमचे मत असे की, या वादात प्रश्नच चुकीचा विचारला जातो. ब्लॉक चांगला का वाईट, हे ब्लॉककडे बघून ठरत नाही. ती भिंत कशावर उभी राहणार आणि तिच्यावर काय येणार, यावरून ते ठरते. दुकानदाराला विचारण्याआधी घराला विचारावे. आणि त्यातही एक गोष्ट आम्हांस कळकळीने सांगायची आहे. ब्लॉक हलका आहे म्हणून जुन्या माती-दगडाच्या भिंतीवर माडी चढवायची, ही जी टूम निघाली आहे ती जिवाशी खेळ आहे. तिचा समाचार पुढे घेतो. आधी दोन्ही ब्लॉकांची ओळख करून घेऊ.

दोन्ही ब्लॉक मुळात काय आहेत

जड ब्लॉक म्हणजे साधे काँक्रीट. बारीक खडी, कच, सिमेंट आणि पाणी साच्यात घालून यंत्राने दाबले, बाहेर काढले आणि पाणी मारून मुरवले. आपल्याकडे रस्त्याकडेला शेड टाकून हे ब्लॉक करणारे पुष्कळ आहेत. घनमीटरला त्याचे वजन साधारण दोन हजार किलो किंवा थोडे जास्तच भरते.

हलका ब्लॉक म्हणजे ज्याला आपण सरसकट सिपोरेक्स म्हणतो तो. सिपोरेक्स हे मूळ एका स्वीडिश कंपनीच्या मालाचे नाव. पुण्यात १९७०च्या दशकात त्याचे उत्पादन सुरू झाले आणि आपल्या भागात ते नाव अशा सगळ्याच ब्लॉकांना चिकटले. ही कृतीही स्वीडनमधलीच, १९२०च्या दशकातली. औष्णिक वीज केंद्रातली राख किंवा बारीक वाळू, सिमेंट, चुना, थोडा जिप्सम आणि चिमूटभर ॲल्युमिनियमची भुकटी असे मिश्रण करतात. भुकटीची चुन्याशी गाठ पडली की वायू सुटतो आणि इडलीचे पीठ फुगावे तसे ते सगळे फुगून येते. घट्ट झाले की तारेने वड्या पाडतात. यापुढचे काम आपल्या सभासदांना चांगले समजेल, कारण ते वाफेचे आहे. वड्या मोठ्या बंद टाकीत घालतात आणि १८० ते २०० अंश उष्णतेची, हवेच्या दहा-बारा पट दाबाची वाफ कित्येक तास देतात. त्या वाफेतच ब्लॉक पक्का होतो. वाफेविना तो नुसता फुगलेला लगदा.

हे मुद्दाम सांगितले, कारण बाजारात 'हलका ब्लॉक' या नावाखाली दुसराही एक माल येतो. सिमेंट-राखेच्या पाण्यात साबणासारखा फेस मिसळून, शेडमध्ये ओतून, वाफ न देता केलेला. नीट निगा राखून केला तर तोही काही कामांना चालतो. त्याचे मानकच वेगळे आहे. पण वाफेच्या ब्लॉकच्या भावाने आणि नावाने तो गळ्यात मारून घेऊ नये. पाण्यात टाकून तरंगतो का बघा, असे काही जण सांगतात. त्यात अर्थ नाही. तरंगतात दोन्ही.

जड म्हणजे मजबूत, हा गैरसमज

आपल्या मनात एक समीकरण पक्के बसले आहे. जे जड ते मजबूत. बैल जड, नांगर जड, दगड जड. पण ब्लॉकचे गणित तसे नाही. भारतीय मानकाप्रमाणे भरीव काँक्रीट ब्लॉकने चौरस मिलिमीटरला निदान ४ किंवा ५ न्यूटन दाब सोसला पाहिजे. आणि नेहमी वापरात येणाऱ्या वाफेच्या हलक्या ब्लॉकने? प्रतीप्रमाणे ३ किंवा ४. म्हणजे किमान अपेक्षेत फरक आहे तो एवढाच. चांगल्या यंत्रावर, योग्य सिमेंट घालून, पुरते पाणी मारून केलेला जड ब्लॉक यापेक्षा कितीतरी जास्त ताकद देतो, हे खरे. पण सिमेंटला कात्री लावून, तीन दिवसांत ट्रॉलीत भरलेला जड ब्लॉक हा त्या 'भुशा'पेक्षाही कच्चा असू शकतो. वजन तेवढे पुरेपूर, ताकद मात्र नाही.

याची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गेली. ती घरे काय कमी जाड होती? हात-दोन हात रुंदीच्या दगडी भिंती, वर माळवदावर मातीचे थरावर थर. पण दगडाला धरून ठेवणारी होती ती माती. भूकंपाचा धक्का वजनाच्या हिशोबाने बसतो. घर जितके जड, तितका हिसका मोठा. जडपणा आणि कच्चा जोड एकत्र आले की घरच माणसाच्या अंगावर येते. आपल्या पश्चिम महाराष्ट्राला तर ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण सांगणारी माणसे अजून आहेत. तेव्हा भूकंप म्हणजे दूरची गोष्ट, असे कोणी समजू नये.

वजनाचा हिशोब उसाच्या मापात

आता आकडे बघू. शंभर चौरस फूट भिंत, सहा इंच जाडीची, गिलावा सोडून. जड ब्लॉकची भरेल सुमारे २.९ टन. हलक्या ब्लॉकची भरेल सुमारे ०.९ टन, ओल धरली तर एक टन. पूर्वीसारखी नऊ इंची विटेची केली तर चार टनांच्या घरात जाईल.

दहा बाय बारा फुटांची एक खोली घ्या. दारे-खिडक्या वजा जाता तिची भिंत चारशे चौरस फूट धरू. जड ब्लॉकची भिंत बारा टनांच्या आसपास, हलक्याची चार टनांच्या आसपास. आठ टनांचा फरक. टायरच्या बैलगाडीत अडीच-तीन टन ऊस बसतो असे धरले, तर तीन भरलेल्या गाड्या तुम्ही पायावर चढवता किंवा चढवत नाही. फरक लहान नाही.

पण हिशोब इथे थांबवू नये. पाच इंची स्लॅबचे वजन चार टन. दोन्ही बाजूंचा गिलावा दोन टन. हे ब्लॉक कोणताही घेतला तरी तेवढेच. म्हणजे हलका ब्लॉक घेऊनही खोलीचे वजन दहा टन होतेच. वर फरशी, माणसे, धान्याच्या कणग्या, पाण्याची टाकी निराळी. हलका म्हणजे कमी वजनाचा. बिनवजनाचा नव्हे. हे वाक्य प्रत्येक सभासदाने ध्यानात ठेवावे.

तीन प्रकारची घरे, तीन उत्तरे

पहिला प्रकार. घराशेजारी रिकामी जागा आहे आणि तिथे जमिनीवरच एक-दोन खोल्या काढायच्या आहेत, पुढे वर चढवायचा विचार नाही. इथे जड ब्लॉकला आमची पसंती. पाया नवा, त्यामुळे वजन तो घेईल असा करता येतो. माल गावाजवळ मिळतो, शे-दोनशे नग कमी पडले तर त्याच दिवशी येतात, गवंड्याचा हात त्यात बसलेला असतो. हलका ब्लॉक लांबच्या कारखान्यातून ट्रकने येतो, थोडा मागवला तर भाडे अंगावर येते आणि चढ-उतारात कोपरे फुटतात. शहरातल्या इमारतीत हलक्या ब्लॉकमुळे लोखंड वाचते म्हणतात ते खरे, पण ती बचत मजल्यावर मजले चढतात तेव्हाची. एका खोलीत लोखंड किती वाचणार? गोठा आणि अवजारांची खोली यांना तर हलका ब्लॉक नकोच. जनावर अंग घासते, शिंग मारते, मुताने भिंत भिजते. तिथे जडच पाहिजे.

दुसरा प्रकार. घर कॉलम-बीमचे आहे, बांधतानाच वरच्या मजल्याची सोय म्हणून सळया ठेवलेल्या आहेत. इथे वरच्या मजल्याला हलका ब्लॉक घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. भिंतीचे काम फक्त जागा बंद करण्याचे, भार वाहतात कॉलम. मग त्यांच्यावर आठ टन फुकटचे का लादायचे? माल वर चढवायलाही बिगाऱ्याला सोपे. सहा इंची जड ब्लॉक पंचवीस किलोचा, तर त्याच्या दीडपट लांबीचा हलका ब्लॉक दहा-बारा किलोचा. मात्र वर्षानुवर्षे उघड्यावर गंजत उभ्या असलेल्या त्या सळया आधी तपासून घ्याव्यात.

तिसरा प्रकार म्हणजे आमच्या काळजीचा विषय. घर आजोबांच्या वेळचे, माती-दगडाचे किंवा मातीत रचलेल्या विटांचे. वरचे पत्रे किंवा कौले काढायची, भिंतीवर एक काँक्रीटचा पट्टा ओतायचा आणि वर हलक्या ब्लॉकची माडी चढवायची. "अण्णा, वजनच नाही त्याला, काय होतंय?" असे सांगणारा कोणीतरी भेटतोच. त्याला वरचा दहा टनांचा हिशोब दाखवावा. आजपर्यंत त्या भिंतीने पत्रे नाहीतर कौले पेलली. तिच्या आतली माती कुठे उंदरांनी पोखरली आहे, कुठे ओलीने विरघळली आहे, हे वरच्या गिलाव्यावरून कळत नाही. अशा भिंतीवर ना जड ब्लॉक चढवावा, ना हलका. माडी पाहिजेच असेल तर तिचे कॉलम स्वतंत्र पायावर जमिनीतून उठवावेत आणि जुनी भिंत फक्त आडोसा म्हणून राहू द्यावी. हे खड्डे काढतानाही जुन्या पायाला लागून सलग चर खोल नेऊ नये, नाहीतर जुनी भिंतच चरात येईल. थोडे थोडे, टप्प्याने खणावे. खर्च वाढतो, कबूल. तो झेपत नसेल तर माडी पुढच्या हंगामावर टाकावी. त्यात कमीपणा काही नाही.

पुराच्या गावांसाठी

२००५, २०१९ आणि २०२१चे महापूर नदीकाठच्या सभासदांनी अंगावर काढले आहेत. हलका ब्लॉक म्हणजे लाखो बारीक पोकळ्या. तो पाणी पितो आणि प्यालेले पाणी लवकर सोडत नाही. दिवसेंदिवस पाण्यात उभी राहिलेली अशी भिंत वाळायला फार वेळ घेते, गिलावा सुटतो, रंग टिकत नाही. म्हणून पूर जिथवर आला होता त्या खुणेपर्यंत जड ब्लॉक आणि त्याच्या वर हलका, ही वाटणी आम्हांस शहाणपणाची वाटते. न्हाणीघर आणि संडासाच्या भिंतीही निदान कमरेपर्यंत जड ब्लॉकच्याच असाव्यात.

जिथे पाण्याच्या अतिवापराने जमिनी क्षारपड झाल्या आहेत तिथे आणखी एक दक्षता पाहिजे. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि येताना क्षार घेऊन येते. पांढरी बुरशी धरल्यासारखी दिसते, लोणा लागतो आणि गिलावा पोपडे होऊन गळतो. यावर ब्लॉक बदलून उपाय होत नाही. जोत्यावर ओल अडवणारा काँक्रीटचा थर सलग घातला तरच तो होतो. आणि बांधकामाला, विशेषतः सळईच्या कामाला, खारट बोअरचे पाणी वापरू नये. जे पाणी आपण पिणार नाही ते काँक्रीटला पाजू नये, हा साधा नियम धरावा.

आम्हांस लागलेली ठेच

हे सगळे आम्ही पोथी वाचून सांगतो असे कोणी समजू नये. काही वर्षांपूर्वी आम्हीही परसात स्वयंपाकघर वाढवले. ब्लॉक जड, चांगला मुरलेला, दर्जाबद्दल तक्रार नव्हती. पाया काळ्या मातीत अडीच फूट घेतला आणि नवी भिंत जुन्या भिंतीत दाते पाडून घट्ट बांधून टाकली. पहिला पावसाळा बरा गेला. पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही भिंतींच्या सांध्यावर खालपासून वरपर्यंत भेग गेली. रुपयाचे नाणे उभे आत जाईल एवढी. घरातली मंडळी म्हणाली, ब्लॉकच खोटा निघाला. आम्हीही तेच म्हणत चार ठिकाणी ब्लॉकवाल्याची नालस्ती केली.

शेवटी एका जाणत्या इंजिनिअरने पायाशेजारी खड्डा काढून दाखवला. आमचा पाया काळ्या मातीवरच टेकला होता. खरा मुरूम त्याखाली दीड फुटावर. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, हे आम्ही शेतकरी असून विसरलो. उन्हाळ्यात रानात पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात त्या आपण दर वर्षी बघतो, आणि तीच माती घराखाली गप्प बसेल असे मानतो. जुने घर खाली बसायचे तेवढे बसून गेलेले, नवे आता बसणार. दोघांना बांधून टाकले की भेग पडणारच. नव्या-जुन्यात बोटभर फट मुद्दाम ठेवून ती वरून पत्र्याच्या पट्टीने झाकली असती, तर काही झाले नसते. ब्लॉकवाल्याची आम्ही पुढे माफी मागितली. पण स्वयंपाकघराची दुरुस्ती करायची ती करावीच लागली.

सांगायचा मुद्दा, पाया मुरमापर्यंत गेला पाहिजे. मुरूम फारच खोल असेल तर काय करायचे ते जाणकार सांगेल. पायाचा प्रश्न सुटल्याशिवाय ब्लॉकचा प्रश्न काढूच नये.

घेताना आणि रचताना

जड ब्लॉक घेताना तो कधी पाडला ते विचारावे. किमान चौदा दिवस त्याला पाणी मिळाले पाहिजे आणि नंतर तो सावलीत वाळला पाहिजे. ताजा ब्लॉक भिंतीत आकसतो आणि भेगा देतो. घरचा वजनकाटा न्यावा. ४०० बाय २०० बाय १५० मिलिमीटरचा भरीव ब्लॉक २१-२२ किलोंच्या खाली भरला तर तो मानकाला उतरत नाही, कारण घनमीटरला निदान १८०० किलो वजन हवे असे मानक सांगते. वजन भरले म्हणजे झाले असेही नाही. दोन ब्लॉक एकमेकांवर वाजवून बघावेत, खणखणीत आवाज आला पाहिजे. कड बोटाने चोळल्यावर कच गळता कामा नये. काम मोठे असेल तर चार-सहा ब्लॉक जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात दाबून तपासून आणावेत.

हलका ब्लॉक घेताना तो वाफेचा आहे याची खात्री करावी, कारखान्याचा तपासणी दाखला मागावा. आल्यावर तो जमिनीवर न टाकता फळ्यांवर रचावा आणि वर ताडपत्री घालावी. पावसात भिजलेला ब्लॉक तसाच भिंतीत घालू नये. आपल्या गवंड्यांना विटा हौदात बुडवायची सवय आहे. हा ब्लॉक बुडवायचा नसतो, वरून फडक्याने किंवा फवाऱ्याने ओलसर करायचा. सांधा त्याच्यासाठी मिळणाऱ्या तयार मसाल्याने पातळ, तीन मिलिमीटरच्या आसपास करावा. नेहमीचा माल वापरायचाच असेल तर त्यात जास्त सिमेंट घालून तो कडक करू नये. मऊ ब्लॉकला कडक माल जोडला की ब्लॉकच फुटतो. कॉलम आणि भिंत जिथे भेटतात तिथे गिलाव्याखाली कोंबडी जाळी मारावी. खिडकीच्या खाली आणि लिंटेलला काँक्रीटचा पट्टा सलग फिरवावा. गिझर, मोटारीचे पॅनेल असे जड सामान टांगायचे तर साध्या खिळ्यावर भरवसा ठेवू नये. या ब्लॉकसाठी लांब गुट्ट्या मिळतात त्या वापराव्यात.

भावाचे म्हणाल, तर नगाशी नगाची तुलना करू नये. शंभर चौरस फुटांना हलका ब्लॉक सुमारे ७७ लागतो, जड सुमारे ११६. ब्लॉक, माल, मजुरी, वाहतूक, फूटतूट आणि गिलावा धरून शंभर चौरस फूट तयार भिंत कितीला पडते, असा हिशोब दोन्हींचा कागदावर मांडावा. मग कोण स्वस्त ते कळते.

उन्हाचाही एक मुद्दा आहे. हलक्या ब्लॉकमधून उष्णता जड ब्लॉकच्या मानाने बरीच कमी आत येते. पश्चिमेच्या भिंतीला त्याचा चांगला उपयोग होतो. पण वरच्या मजल्यावर खरे ऊन येते ते स्लॅबमधून. नुसत्या भिंती हलक्या केल्या आणि वर उघडा स्लॅब तापत ठेवला, तर एप्रिल-मे महिन्यात खोली तापणारच. स्लॅबला पांढरा चुना द्यावा, जमेल तर वर पत्र्याची सावली करावी.

एक सूचना

काही सभासद म्हणतील, एका खोलीसाठी इंजिनिअरची फी कशाला? आम्ही उलट विचारतो. लागणीआधी आपण माती परीक्षण करून घेतो. का? तर खताचा पैसा वाया जाऊ नये म्हणून. मग ज्या भिंतीखाली आपली नातवंडे झोपणार, तिच्या पायाचे परीक्षण नको?

यात आपल्या कारखान्यालाही करता येण्यासारखे आहे. कारखान्याकडे सिव्हिल खाते आहे, जाणते लोक आहेत. हंगाम संपल्यावर महिन्यातला एखादा दिवस गट ऑफिसात सभासदांना घर वाढवण्याबाबत सल्ला देण्यासाठी ठेवावा. एका गावातल्या पाच-सहा सभासदांनी मिळून ब्लॉकचा पूर्ण ट्रक मागवला तर वाहतूक वाचते, तपासणीचा खर्च वाटला जातो आणि माल खोटा आला तर परत पाठवायला जोर राहतो. ऊस एकत्र घालून आपण कारखाना उभा केला, ब्लॉक एकत्र आणणे त्याहून अवघड नाही. संचालक मंडळाने या सूचनेचा विचार करावा आणि येत्या वार्षिक सभेत सभासदांनी ती मांडावी, अशी आमची विनंती आहे.

तोपर्यंत ज्यांचे खडी-सिमेंट येऊन पडले आहे त्यांनी एवढे करावे. जुन्या भिंतीचा गिलावा हातभर खरवडून आत माती आहे का सिमेंट ते बघावे, आणि पायाशेजारी एक खड्डा काढून मुरूम कुठे लागतो ते बघावे. दोन मजूर आणि एक दिवस, एवढाच खर्च. ब्लॉकची ऑर्डर त्यानंतर द्यावी.